एक हवेचा, एक धुराचा

१

वैशाखात नंदुरबारला दुपारी बारा ते चार कुणी कुणाच्या दारात जात नाही. मिरच्यांच्या वखारी अर्ध्या लोटलेल्या असतात, स्टेशनाबाहेरचे टांगेवाले टांग्याखालीच अंग टाकतात, आणि धूळसुद्धा उडायचा कंटाळा करते. नेमक्या त्या वेळी दोधू येऊन मगन मिस्त्रीच्या शेडचं कुलूप काढायचा.

शेड पत्र्याची होती. एक दार रस्त्याकडे. घराकडच्या बाजूला दार नव्हतंच, नुसता गोणपाटाचा पडदा होता. मधोमध सागाच्या फळ्यांचं जाड बाक, आणि बाकावर लाकडी ठोकळ्यांत धरलेलं विलायती मोटारसायकलचं इंजिन.

दोधू आला की आधी बाकाशेजारी धुतलेलं फडकं अंथरायचा आणि त्यावर सुटे भाग मांडायचा. इंजिनाच्या डोक्यात दोन व्हॉल्व्ह असतात. एक हवा आत घेतो, एक धूर बाहेर टाकतो. दोघांचे संसार वेगळे. ज्याच्या त्याच्या स्प्रिंगा, स्प्रिंगांवरची टोपी, वरून दाबणारा रॉकर, आणि रॉकरला खालून ढकलणारी हातभर लांब सळई. हे भाग एकमेकांवर घासून घासूनच एकमेकांचे होतात, त्यांची ताटातूट करायची नसते. म्हणून हवेचं सगळं डाव्या हाताला, धुराचं उजव्या हाताला. दोधू दुसरीत शाळा सोडून पळाला होता. त्याला वाचता येण्यासारखं जे काही जगात होतं, ते या फडक्यावर होतं, आणि ते थोरल्या भावानं, मगनदादानं, शिकवलं होतं.

मगनदादाला जाऊन सतरा दिवस झाले होते.

लढाई संपली तशी लष्कराच्या जुन्या गाड्या देवळालीला विकायला निघाल्या. तिथून दादानं ही गाडी मोडक्या अवस्थेत आणली आणि पाच महिने खपून उभी केली. तीच घेऊन तो धानोऱ्याला एका शेतकऱ्याचं पाण्याचं इंजिन बघायला निघाला होता. उतारावर गाडी एकाएकी जाम झाली, मागचं चाक गच्च धरलं गेलं, आणि दादा दगडी मोरीवर जाऊन पडला. लोक म्हणाले, वेळ भरली होती.

तेराव्याच्या दिवशी कोकिळावहिनीचा भाऊ एवढंच म्हणाला, "ती गाडी भंगारमा दी टाका." दोधू पंगतीतून खरकट्या हातानं उठला. "मन्हा भाऊनी गाडी शे ती," तो ओरडला. "मी चालू करसू. कोनी हात लाई देखा!" सगळ्यांना वाटलं, पोर दुःखानं बोलतंय. दुःख होतंच. पण इंजिन दुसऱ्या कुणी उघडू नये, याची भीती त्याहून मोठी होती.

कारण असं, की या जातीच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह मापानं सारखे. डोळ्यांनी कळत नाहीत. धुराचा वेगळ्या पोलादाचा असतो, आग सोसणारा. त्याला लोहचुंबक धरत नाही. हवेच्याला धरतं. ओळखायची खूण तेवढीच. अपघाताच्या आदल्या दिवशी दादानं काजळी काढायला इंजिन उघडलं होतं, आणि मध्येच त्याला कापसाच्या जिनिंगमधून बोलावणं आलं, जोडायचं काम दोधूवर राहिलं. दोधूला प्रकाशा गावी कुस्त्या बघायला जायचं होतं, बरोबरची पोरं रस्त्यात ताटकळली होती. त्यानं हाताला लागले तसे दोन्ही व्हॉल्व्ह बसवले आणि डोकं आवळून टाकलं. दादा परत आला तेव्हा त्यानं विचारलं, "चुंबक लावं ना रे?"

"हां," दोधू म्हणाला होता.

हवेचा व्हॉल्व्ह धुराच्या जागी बसला तर चालतो. पाच मैल, दहा मैल. मग लाल होतो, आणि त्याचं मुंडकं तुटून आत पडतं.

चुंबक लावलं नव्हतं, हे आता पृथ्वीवर एकट्या दोधूला माहीत होतं.

२

डोकं निघायला अर्धा तास लागला. आत जे दिसायचं होतं तेच दिसलं. व्हॉल्व्हचं तुटकं मुंडकं खालच्या पिस्टनमध्ये रुतून बसलं होतं, चिखलात पैसा रुतावा तसं. तुटलेला दांडा वर आपल्या भोकात तसाच लटकत होता, आणि तो धुराच्या बाजूचा होता.

धुराचा व्हॉल्व्ह कधीकधी आपणहूनही तुटतो. जुना असला, लष्करात मार खाल्लेला असला, तर तुटतो. म्हणजे अजून काहीच सिद्ध झालं नव्हतं. दोधूनं दांडा ओढून काढला, तळहातावर घेतला. खिळ्याला दादाचं लोहचुंबक टांगलेलं होतं, ठिणगी पाडणाऱ्या जुन्या मॅग्नेटोतून काढलेलं, घोड्याच्या नालासारखं. त्यानं हात वर केला आणि खाली घेतला. मग दांडा विडीच्या रिकाम्या डब्यात टाकून डबा फळीच्या मागे सारला.

पडद्यामागून वहिनीचा आवाज आला. "भाऊजी, जेवाले चला. सकायपाईन तेच करी ऱ्हायनात, बोटं नही दुखत का?"

"सकायपाईन? वैनी, मी तं आते ऊनू. चाचाना वट्टावर व्हतू."

रात्री दोधू सत्तारचाचाच्या ओट्यावर झोपत असे. घरात वहिनी एकटी, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. वहिनीच्या सोबतीला शेजारची जसोदाबाई यायची आणि उजाडताच आपल्या कामाला जायची.

"मंग खरखर कोन करी ऱ्हायंतं?" वहिनी पडद्याशी आली होती. तिचे पाय तेवढे दिसत होते.

"कसानी खरखर?"

"ती नही का, सयी फिरावाना आवाज. बोटमा धरीसन."

दोधूच्या हातातला पाना थांबला. सळई आणि रॉकर यांच्यात फट किती ठेवायची, हे दादा मोजपट्टीनं मोजत नसे. सळईचं वरचं टोक अंगठा आणि बोट यांत धरून फिरवायचा. सळई अलगद फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. त्याचा एक बारीक आवाज व्हायचा, खर्र, मग थांबून पुन्हा खर्र. तो आवाज काढणारा माणूस नंदुरबारात एकच होता.

"उंदीर व्हई, वैनी."

"उंदीर थांबी थांबीसन फिरावस का?" ती म्हणाली, आणि बांगड्या नसलेल्या हातानं पडदा सारखा करून आत गेली.

जेवताना त्यानं तिच्याकडे चोरून पाहिलं. सतरा दिवसांत ती एकदाही रडली नव्हती. बायका म्हणायच्या, धक्का आत बसलाय. भावाबरोबर माहेरी जायलाही ती तयार झाली नव्हती. "आठे काम शे मन्हं," एवढंच म्हणाली होती. काय काम, ते कुणी विचारलं नाही.

३

सत्तारचाचाचं दुकान मशिदीमागच्या बोळात होतं. जिनिंगच्या इंजिनापासून शिलाई मशीनपर्यंत सगळं तो उघडायचा. एक डोळा पार गेलेला, दुसरा जायच्या बेतात, त्यामुळे सगळं बोटांनी वाचायचा. दादा त्याच्याच हाताखाली तयार झाला होता.

"ये रे साहेब," चाचा न बघताच म्हणाला. "दोन दिनपाईन आंग धोयेल नही ना? घासलेटमा बुडेल घूस आनी तू, सारखाच वास."

"चाचा, दोन वाल पाह्यजेत."

"तं भाजीबजारमा जाय. आठे लोखंड भेटस."

दोधूला हसू आलं नाही. चाचानं त्याच्या तोंडाच्या दिशेनं मान वर केली. मग उठून पेटी उघडली. कागदात गुंडाळलेले दोन व्हॉल्व्ह काढले, छत्रीसारख्या आकाराचे, दांडे चकाकणारे. आपलं चुंबक एकेकाला लावलं.

"हाऊ चिपकना. हाऊ हवाना. आनी हाऊ नही चिपकना, हाऊ धूरना. देखं ना?"

"देखं."

"तोंडथीन नको देखू. हातखाल घे."

दोधूनं स्वतः लावून पाहिलं. एकाला चुंबक टक्कन बसलं. दुसऱ्यावरून घसरून गेलं, जणू तो लाकडाचा होता.

"नवा पिस्टन मी देस," चाचा म्हणाला. "तुन्हा भाऊनी मन्हापाईन शिकीसन मालेच शिकाडं. त्याना नावना तेवढा हक शे." तो खाली बसला. "एक सांग. त्या टायमाले इंजन कोनी खोलं व्हतं?"

"दादानी."

"जोडं कोनी?"

बोळात एक कोंबडी कचरा उकरत होती. दोधू तिच्याकडे बघतच म्हणाला,

"दादानीच."

"मंग ठीक." पण चाचाचा हात पेटीच्या झाकणावर तसाच राहिला. "ज्यानी खोलं त्यानीच जोडानं, बेटा. कोनाबी अर्धं काम मी कधी उचलं नही, माले दुप्पट देत तरी बी. दुसरानी बंद करं, तं पयलाना हिसाबमा ते खुलंच ऱ्हास. मानूस भाकर खास, पान खास, पन त्याना जीव तठेच ऱ्हास. आते मगन ते जोडीसन गया, म्हनीसन मी तुले हाई दी ऱ्हायनू. नहीतं नही देतू."

दोधूनं कागदाची पुडी खिशात घातली. बोळाच्या तोंडाशी जाईपर्यंत त्याला मागे वळायचा, सगळं सांगून टाकायचा उमाळा दोनदा आला. तिसऱ्यांदा आला असता तर तो वळलाही असता.

४

नवा पिस्टन बसवायला एक दिवस गेला. दुसऱ्या दुपारी त्यानं व्हॉल्व्ह घेतले. दोघांना चुंबक लावलं. ज्याला धरलं, त्याच्या मुंडक्यावर कानशीनं फुली ओढली. हवेचा म्हणजे फुलीचा. आता आंधळ्यालाही चुकता येणार नव्हतं. फुलीचा हवेच्या जागी, कोरा धुराच्या जागी. स्प्रिंगा, टोप्या, सळया, रॉकर. डोकं बसवलं, चारही बोल्ट आवळले. काम इतकं नीट झालं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं, आणि ते दाखवायला कुणी नाही हे आठवून तो बाकाच्या कडेला कपाळ टेकून बराच वेळ बसला.

दुसऱ्या दुपारी त्यानं डोकं पुन्हा उघडलं. उघडायचं काही कारण नव्हतं. ज्या दिवशी बघायचं होतं तेव्हा त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं, आणि आता त्याला दहा वेळा पाहावंसं वाटत होतं. डोकं उलटं करून त्यानं फडक्यावर ठेवलं. दोन गोल चकत्या वर बघू लागल्या. फुली उजवीकडे होती.

तो हसला. डोकं उलटं केलं की डावं उजवं होणारच. मग त्यानं बाजूची भोकं पाहिली. हवेचं भोक स्वच्छ असतं, धुराचं काजळीनं काळं. त्यानं बोट घातलं. फुलीच्या बाजूनं बोट काळं होऊन बाहेर आलं.

म्हणजे हवेचा धुराच्या जागी होता.

उन्हानं डोकं फिरतं माणसाचं, त्यानं मनाशी म्हटलं. वीस दिवस धड झोप नाही, बोलता बोलता हात भलतंच करतात. त्यानं दोन्ही काढले, जागेवर बसवले आणि या वेळी मोठ्यानं बोलत बसवले. "फुलीना हवामा. कोरा धूरमा." पडद्यामागे भांड्यांचा आवाज थांबला आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. निघताना त्यानं बाहेरच्या दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधली.

दुसऱ्या दुपारी फुली पुन्हा काळ्या भोकाच्या बाजूला होती.

पडद्यातून वहिनी येऊ शकते, त्यानं विचार केला. पण बोल्ट आवळायला हातभर लांब पाना लागतो आणि अंगाचं वजन टाकावं लागतं, स्प्रिंगा दाबायला त्याहून जास्त. कोकिळावहिनीच्या हातून घागरीचं झाकणसुद्धा सरळ बसत नसे, दादा तिला त्यावरून नेहमी चिडवायचा. तरी खात्री करायला हवी होती. या वेळी सगळं नीट जोडल्यावर त्यानं गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, कागदाची एक पट्टी कापली, आणि डोकं जिथं खालच्या भागाला मिळतं त्या सांध्यावर ती चौफेर चिकटवली. वाळेपर्यंत समोर बसून राहिला. कुणी बोल्ट सोडवला तर कागद फाटल्याशिवाय राहणार नाही.

पुढच्या दुपारी त्यानं पट्टीवरून नख फिरवलं. कागद अखंड होता. खळ वाळून कडक झाली होती, कुठं साधी भेगही नव्हती. त्याच्या छातीतलं ओझं इतकं हलकं झालं की त्यानं "वैनी, च्या ठेवा!" अशी हाक मारली. मग त्यानं पट्टी फाडली, बोल्ट काढले, डोकं उचललं आणि उलटं केलं.

काळ्या भोकाच्या बाजूनं फुली त्याच्याकडे बघत होती.

सगळं त्या दिवसासारखंच होतं. त्यानं कुस्त्यांच्या घाईत जसं बसवलं होतं, अगदी तसंच. इंजिनाला जणू तेवढं एकच जोडणं ठाऊक होतं.

५

"काय दाखाडी ऱ्हायना माले?" तो ओरडला. कुणाला ओरडला ते त्यालाही कळलं नाही. त्यानं फळीमागून विडीचा डबा ओढला, तुटका दांडा फडक्यावर ओतला, आणि खिळ्यावरचं चुंबक हिसकून घेतलं. धरलं नाही, तर हे सगळे उन्हाचे खेळ. धरलं, तर—

वीतभर अंतरावरूनच दांडा सरकला, घरंगळत आला आणि टक्कन चुंबकाला जाऊन बसला.

आवाज अगदी लहान होता. दोधूनं दांडा ओढून सोडवला आणि पुन्हा जवळ नेला. पुन्हा टक्. तिसऱ्यांदा नेला नाही. तो उठला, रस्त्याच्या दारानं वळसा घालून मागच्या अंगणात गेला, आणि चुंबक, त्याला चिकटलेल्या दांड्यासकट, विहिरीत फेकून दिलं. पाणी खोल गेलं होतं. बुडाल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

तो शेडमध्ये परतला तेव्हा उन्हातून आल्यामुळे आधी काहीच दिसेना. ऐकू मात्र आलं.

खर्र.

डोकं काढलेलं असल्यामुळे दोन्ही सळया आपापल्या नळ्यांतून उघड्याच वर आलेल्या होत्या. त्याच्या डोळ्यांना बाकावरचं दिसू लागलं. हवेच्या बाजूची सळई फिरत होती. फार नाही, अर्धा वेढा. थांबली. खर्र. उलट अर्धा वेढा. पत्र्याच्या एका भोकातून उन्हाचा कवडसा नेमका तिच्या टोकावर पडला होता, म्हणून फिरताना ती लकाकत होती. मग ती जराशी वर उचलली गेली, केसाएवढी, आणि खाली टेकली. काम बघणारा माणूस फट तपासताना करतो, तसं.

वारा, दोधूनं ठरवलं. पण वारा नव्हता. फडक्याचं टोकही हलत नव्हतं. तापलेलं लोखंड गार होताना सरकतं. पण इंजिन आज तापलंच कुठं होतं? त्याची बुद्धी एकेक कारण पुढे करत होती आणि एकेक मागे घेत होती, आणि तेवढ्यात ती सळई थांबून शेजारची, धुराची, फिरू लागली.

खर्र. खर्र. थांबली.

मग काहीच नाही. खूप वेळ काहीच नाही. दोधू पाय ओढत बाकाजवळ गेला. सळईच्या चकचकीत टोकावर तेलाचा ठसा होता, ओला. अंगठ्याचा. त्यानं आपला अंगठा शेजारी धरून पाहिला. ठसा रुंद होता.

उघड्या डोक्यातले दोन्ही व्हॉल्व्ह त्यानं सोडवले आणि मुठीत घट्ट धरले. निदान ते तरी आता कुणी बदलू शकणार नव्हतं.

६

"च्या," वहिनी म्हणाली.

ती पडदा बाजूला करून शेडमध्ये आली होती. दादा गेल्यापासून तिनं इथं पाऊल टाकलं नव्हतं. तिच्या हातात कप होता आणि कपातला चहा हलत नव्हता.

दोधू भिंतीला पाठ लावून खाली बसला होता. "वैनी," तो म्हणाला, आणि मग जे इतके दिवस दातांमागे कोंबून ठेवलं होतं ते आपसूक बाहेर आलं. "इंजन मी जोडं व्हतं. दादानी नही. मी चुंबक नही लावं. त्यानी माले इचारं, मी खोटं बोलनू. माले कुस्त्या देखाले जावानं व्हतं वैनी. कुस्त्या. मी मारं त्याले."

त्याला वाटलं होतं, ती कप टाकेल. केस ओढेल, छाती बडवेल, निदान आता तरी रडेल. तो तिच्या पायांवर पडायच्या तयारीत होता.

"माले म्हाईत शे," वहिनी म्हणाली.

"कसं?"

"तुम्हना भाऊनी सांगं."

दोधूच्या डोळ्यांना धार लागली. म्हणजे दादाला कळलं होतं. कळूनही तो धानोऱ्याला निघाला होता. "कवय? निंघाना आगोदर?"

"नही," ती म्हणाली. "परवादिन. आनी काल बी."

तिनं कप बाकावर ठेवला, उघड्या इंजिनाशेजारी, कुणी तिथं काम करत असलं की ठेवतात तसा. मग सहज, धाकट्या दिराला कामाला लावावं तशा सुरात म्हणाली, "तुम्हनीच वाट देखी ऱ्हायनात. माले म्हनेत, त्याना तोंडथीन निंघू दे. निंघनं का मंग धाड त्याले आत." तिनं पडदा वर धरला. "जा. आते उशीर नका करू, भाऊजी. तुम्हले म्हाईत शे, त्यास्ले ताटकयत बठनं खपत नही."

पळता आलं असतं. रस्त्याकडचं दार उघडं होतं आणि पांढरं ऊन उंबऱ्यापर्यंत आलेलं होतं. पण आत दादा असेल, तर दादा होता. दोधू उठला आणि पडद्याखालून वाकून आत गेला. पडदा त्याच्या पाठीवर घासून खाली पडला.

घरात अंधार होता. खिडकीला गोधडी लावलेली. चुलीच्या राखेचा वास, आणि तिच्यावरून येणारा घासलेटचा. उन्हातून आल्यावर असंच होतं, तो स्वतःला सांगत होता, थोडं थांबलं की दिसायला लागतं. थोडं थांबल्यावर समोरच्या भिंतीशी काळोखाचा एक दाट भाग दिसायला लागला. कुणीतरी त्याच्याकडे पाठ करून उकिडवं बसलं होतं. पुढ्यात फडकं अंथरलेलं, आणि फडक्यावर काहीतरी उघडं पडलेलं. ते काय होतं ते खांद्याआड झाकलं गेलं होतं. डावा हात त्यात कोपरापर्यंत बुडालेला.

उजवा हात मागे, दोधूच्या दिशेनं लांबवलेला होता. तळवा वर, बोटं पसरलेली. कामात गढलेला मिस्त्री मागं न बघता असा हात पुढे करतो, आणि शेजारच्यानं न विचारता हवा तो भाग त्यावर ठेवायचा असतो. विचारायचं नसतं.

दोधूनं मुठीतल्या व्हॉल्व्हवरून अंगठा फिरवला. फुली लागली. दुसऱ्यावरून फिरवला. तिथंही फुली होती. दोन्ही हवेचेच; धुराचा, आग सोसणारा, त्याच्या मुठीत नव्हताच.

बोटं जराशी हलली. लवकर.

त्यानं त्यातला एक तळहातावर ठेवला. हातानं तो तोलला, तितक्याच अलगदपणे बाजूच्या जमिनीवर ठेवला, आणि पुन्हा मागे आला. दोधूनं दुसरा दिला. हातानं तोही तोलला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला.

मग तो पुन्हा मागे आला, तळवा वर करून.

"दादा," दोधू कुजबुजला, "मन्हापान आते काहीच नही."

बोटं पुन्हा हलली.